फॉगिंग मशीनच्या आधी एक पांढरा मग घ्या

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य ताईंनी विचारलंय: श्रावणात कानबाई देवी बसली तेव्हापासून पोळ्यापर्यंत गावात नऊ जणांना मलेरिया निघाला, दोन जातींच्या परजीवींचा. सात व्हायवॅक्स, दोन फाल्सिपेरम. आधीची दोन वर्षं एखाद-दुसराच रुग्ण असायचा. तीन वर्षांपूर्वी नाल्यावर सिमेंटचा बंधारा झाला, तेव्हापासून डास वाढले असं लोक म्हणतात. ग्रामसभेत एक गट म्हणतो फॉगिंग मशीन घ्या, दुसरा म्हणतो बंधाऱ्यात गप्पी मासे सोडा, आणि एका आबांनी तर बंधाराच फोडा म्हणून सांगितलं. वित्त आयोगाचे थोडे पैसे आहेत. कशावर खर्च करावेत?

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: सात व्हायवॅक्स, दोन फाल्सिपेरम. मला बहुतेक गावांतून "डास फार झालेत" एवढंच कळवतात. डास फार होणं आणि मलेरिया होणं यांचा संबंध लोकांना वाटतो तितका सरळ नाही. गटारीतला क्युलेक्स डास रात्रभर कानाशी गुणगुणतो, सगळं गाव त्याच्यावर वैतागलेलं असतं, पण त्याच्यापासून मलेरिया होत नाही. उलट मलेरिया असलेल्या वस्तीत पहाटे टॉर्च घेऊन भिंती तपासल्या तर कधी कधी तासाभरात चार-पाचच डास नळीत येतात. बावीस वर्षं मी खान्देशात हेच करतोय, मगाने अळ्या मोजणं आणि नळीने डास ओढणं. आवाजावरून मलेरियाचा अंदाज बांधायचं मी पहिल्या दोन वर्षांतच सोडलं.

आपल्या खेड्यांत मलेरिया पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनाफिलीस क्युलिसिफेसिस. छोटासा, न गुणगुणणारा. त्याला स्वच्छ, उन्हातलं, संथ पाणी लागतं. चावतो तो मुख्यतः गुरांना, माणसाला अधूनमधून. त्यामुळे त्याच्याकडून मलेरिया फैलावायचा तर एक तर हे डास खूप व्हावे लागतात, नाही तर गावात अंगात परजीवी घेऊन फिरणारी माणसं जास्त असावी लागतात. डास जन्मतः मलेरिया घेऊन येत नाही. तो आधी आजारी माणसाला चावतो, मग दहा-बारा दिवस किंवा जास्तच जगावा लागतो, तेव्हा कुठे परजीवी त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. त्यानंतर तो ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी दहा ते पंधरा दिवस. म्हणजे पोळ्याला ज्याला थंडी वाजून ताप भरला, त्याच्या आजाराची सुरुवात साधारण महिनाभर आधी, दुसऱ्याच कुणाच्या तरी खाटेवर झालेली असते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मशीन की मासे हा नाही. नऊ जणांना चावलेला डास कुठे जन्मला, कुठे चावला, आणि त्याला परजीवी कुणाकडून मिळाला, हे कळल्याशिवाय खर्च करू नका. आणि हे कळायला पैसे फार लागत नाहीत.

आधी फॉगिंगचं उरकतो, कारण ग्रामसभेत पहिली मागणी त्याचीच आहे. फॉगिंगचा धूर त्या क्षणी हवेत उडत असलेल्या डासांना लागला तर मारतो. भिंतीवर, कपड्यांच्या मागे, गोठ्याच्या आढ्याला बसलेल्या डासाला तो फारसा लागत नाही, आणि अळीला तर मुळीच नाही. धूर विरला की मागे काही उरत नाही. बहुतेक ठिकाणी मशीन संध्याकाळी सहाला रस्त्याने जाते, लोक धूर नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात, आणि ॲनाफिलीस चावायला निघतो रात्री उशिरा, घरात. वेळ चुकली, जागाही चुकली. डेंग्यूचा उद्रेक झाला तर रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या घरांमध्ये आतून केलेल्या पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या फवारणीचा उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. पण ते काम आरोग्य विभाग करतो, त्यासाठी पंचायतीने मशीन, डिझेल आणि चालवणारा माणूस पोसायची गरज नाही. एका सरपंचांनी मला खरं कारण सांगितलं होतं: "भाऊ, धूर दिसना म्हंजे लोकेसले वाटस, पंचायत काहीतरी करी ऱ्हायनी." धूर दिसला की लोकांना वाटतं पंचायत काहीतरी करतेय, हे मात्र खरं आहे, आणि अळ्या मोजणारा माणूस कुणाला दिसत नाही.

आता बंधारा. फोडू नका. शिरपूर भागात नाले खोल करून बंधारे बांधले म्हणून विहिरींना पाणी आलं, ते डासांच्या नावाने घालवायचं कारण नाही. भरलेल्या बंधाऱ्याच्या मधल्या खोल पाण्यात वाऱ्याने लाटा येतात, स्थानिक मासे असतात, तिथे अळ्या फारशा टिकत नाहीत. अळ्या शोधायच्या त्या कडेच्या गवतात, शेवाळात, आणि त्याहून जास्त बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला. भिंतीखालून पाणी पाझरतं, नाल्याच्या वाळूत छोटी छोटी डबकी होतात, पाऊस थांबला की ती एकमेकांपासून तुटतात. स्वच्छ पाणी, वर ऊन, मासा नाही. क्युलिसिफेसिसला आणखी काय हवं? गुरं पाण्यावर येतात तिथल्या चिखलात खुरांचे ठसे पडतात, त्या ठशांतही मला अळ्या सापडल्या आहेत. एका खुरात सात, अजून आठवतात.

कसं बघायचं ते सांगतो. एक पांढरा प्लास्टिकचा मग किंवा एनॅमलचं भांडं घ्या. स्टीलची वाटी नको, चकाकीत अळी दिसत नाही. सकाळी नऊनंतर, ऊन चढल्यावर जा. पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका. सावली पडली की अळ्या बुडी मारतात, मग मिनिटभर गप्प उभं राहावं लागतं. पांढरा मग तिरका धरून पाण्याच्या कडेला टेकवा, पाणी हळूच आत येऊ द्या. ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते, आगपेटीची तुटकी काडी तरंगावी तशी. हात लावला की झटका देऊन मागे सरकते. क्युलेक्स आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडीसची अळी डोकं खाली करून लटकते, शेपटाची नळी तेवढी वर. एवढा फरक दहावीतल्या मुलांना अर्ध्या तासात शिकवता येतो, मी कितीदा शिकवलाय. एका डबक्यातून दहा मग घ्या, किती मगांत आडव्या अळ्या आल्या ते वहीत लिहा. हीच तुमच्या गावची मोजणी.

एक इशारा. आडवी अळी दिसली म्हणजे मलेरियाचाच डास असं नाही. पावसाच्या गढूळ डबक्यांत, रस्त्यावरच्या खड्ड्यांत ॲनाफिलीस सबपिक्टस भरपूर होतो. आपल्याकडे तो मलेरियाचा मोठा वाहक मानला जात नाही. नेमका फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो, त्यासाठी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे कीटक समाहारक, म्हणजे डास-अळ्या गोळा करणारे कर्मचारी असतात, त्यांना बोलवा. पण गढूळ खड्ड्यापेक्षा स्वच्छ पाझराकडे आधी लक्ष द्या, हे सूत्र बहुतेक वेळा चुकत नाही.

सापडलेली डबकी काय करायची? मोठी असतील तर चर खणून एकमेकांना जोडून द्या म्हणजे पाणी वाहतं राहील. छोटी मुरूम टाकून बुजवा. गुरांसाठी बंधाऱ्याच्या कडेऐवजी पाणी प्यायची वेगळी हाळ बांधा आणि तिच्या सांडव्याला शोषखड्डा करा. हे काम दर आठवड्याला बघायला लागतं, कारण आपल्या उन्हात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पंधरा दिवसांनी गेलात तर पिलावळ उडून गेलेली असते. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीने पाटाचं पाणी पाळीने फिरवायची जुनी रीत आहे. ती वाटणीसाठी निघाली, डासांसाठी नाही, पण पाणी सोडून मधे कोरडं पडू देणं हा अळ्या मारायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बारमाही झिरपणारा, गळका पाट मला बंधाऱ्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो.

गप्पी मासे चांगले, पण कुठे? एक गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो. वापरात नसलेली विहीर, हौद, पाणी टिकून राहणारं कायमचं डबकं, इथे सोडा. काठाच्या दर मीटरला पाच-दहा मासे पुरतात, पुढे ते स्वतःच वाढतात, पिलं जिवंत जन्मतात. मोठ्या बंधाऱ्यात सोडले तर तिथले मोठे मासे त्यांना खातील, आणि कडेच्या दाट गवतात ते आत शिरत नाहीत. मी सुरुवातीच्या काळात मोठ्या उत्साहाने एका पायथ्याच्या गावी नाल्यात डब्याने गप्पी सोडले होते, फोटोबिटो काढले. आठ दिवसांनी सातपुड्यात मोठा पाऊस झाला, नाल्याला पूर आला आणि माझे सगळे मासे तापीत गेले. गावातली पोरं अजून चिडवतात. गॅम्बुसिया मासा मात्र कुणी देऊ केला तरी आणू नका. तो १९२८ मध्ये भारतात आणला गेला, अळ्या खातो हे खरं, पण स्थानिक माशांची पिलंही फस्त करतो.

इथपर्यंत डास झाला. आता माणूस, आणि मला वाटतं तुमच्या गावचं उत्तर इथेच आहे.

नऊ रुग्णांची यादी आशाताईंकडून घ्या आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: घर कोणत्या वस्तीत, ताप यायच्या आधीच्या महिन्यात रात्री कुठे झोपले, आणि या वर्षी कामाला बाहेर गेले होते का. नऊपैकी सहा-सात एकाच वस्तीचे निघाले, तर सगळं गाव धुरवायचा प्रश्नच उरत नाही. तुमच्याकडची पावरा, भिल्ल कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, शेतमजुरीला जातात आणि पेरणीला परत येतात. त्यातल्या कुणाला तिकडे व्हायवॅक्स झाला, तीन दिवस क्लोरोक्विन घेतलं, ताप उतरला, आणि पुढच्या चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या तशाच राहिल्या, तर परजीवीची काही बीजं यकृतात झोपून राहतात. काही महिन्यांनी, नवीन डास न चावताही, पुन्हा थंडीताप येतो. मग इथल्या क्युलिसिफेसिसला तो रुग्ण सापडतो. म्हणजे तुमच्या सात व्हायवॅक्समध्ये काही नवीन लागण असेल, काही जुन्याचं उलटणं असेल. सगळा दोष बंधाऱ्याचा नसावा.

फाल्सिपेरमचं वेगळं. तो यकृतात लपत नाही, पण जिवाला धोका त्याचाच जास्त, आणि तापाच्या मुख्य औषधाने त्याची डासाला लागण करणारी अवस्था मरत नाही. त्यासाठी प्रायमाक्विनचा एकच डोस वेगळा दिला जातो. तुमच्या दोन रुग्णांना तो मिळाला का, एवढं आरोग्यसेवकाला विचारा.

चौदा दिवसांचं औषध पूर्ण करून घेणं हे मला आजवरच्या कामात सगळ्यात अवघड गेलंय, मासे पुरात वाहून जाण्याहून कितीतरी. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, चौथ्या दिवशी माणूस निंदणीला जातो, गोळ्या आढ्याला खोचलेल्या. आम्ही एका वस्तीत शेवटी असं केलं की गोळ्या घरी दिल्याच नाहीत. शेजारची एक आजी रोज संध्याकाळी बाजरीच्या भाकरीनंतर समोर बसवून गोळी द्यायची आणि दारामागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ मारायची. चौदा रेघा झाल्या की संपलं. रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, म्हणून भाकरीनंतर. गर्भवती बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान बाळ यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नाही. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात न्यायचं. काही लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांना या गोळीने त्रास होऊ शकतो. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात ही गोष्ट डोक्यात ठेवावीच लागते.

घरातल्या फवारणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पायथ्याच्या गावांत ती होते म्हणून सांगतो. डास रक्त पिऊन जड होतो आणि भिंतीवर बसतो, तिथे त्याला औषध लागतं. म्हणजे परजीवी घेऊन म्हातारा होणारा डास मरतो, आणि आपल्याला तोच नको असतो. देशात १९५३ साली हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो या डीडीटी फवारणीच्या जोरावर. साठीच्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास आले, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. कारणं बरीच, त्यातलं एक डासांचं. डीडीटीला डास दाद देईनासे झाले. पुढे तीच गोष्ट आपल्या अगदी जवळ घडली: नंतर भिंतीवर मारायला जी पायरेथ्रॉइड आली त्याच जातीची औषधं आपण बोंडअळीसाठी कपाशीवर पंप भरभरून मारत होतो. एकाच औषधाशी डासांची दोन्हीकडे ओळख होत गेली.

फवारणीचा दुसरा शत्रू म्हणजे आपली सारवणं. इथेही चूक माझीच. एका वर्षी श्रावणात आम्ही एका गावात घरोघरी व्यवस्थित फवारणी करून घेतली आणि चार दिवसांनी लोकांनी कानबाईसाठी घरं सारवून रंगवून काढली. भिंतीवरचं औषध शेणमातीखाली गेलं. खान्देशात जन्मूनही माझ्या कॅलेंडरात कानबाई नव्हती. आता मी फवारणीची तारीख आरोग्यसेवकाबरोबर ठरवताना गावातल्या बायांना आधी विचारतो की सारवण कधी आहे. फवारणीनंतर निदान दहा आठवडे भिंतीला हात लावायचा नाही, एवढंच सांगणं पुरतं. ढेकूण वाढतात म्हणून लोक नको म्हणतात, तेही ऐकून घ्या. औषधाने ढेकूण फटीतून बाहेर येतात आणि जास्त दिसतात, त्यामुळे तक्रार अगदीच खोटी नसते.

उन्हाळ्यात लोक घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर झोपतात, हे फवारणीच्या कागदावर नसतं. आणि शेतीची लाइट रात्रीची असेल तर माणूस बारा ते चारमध्ये पाणी भरायला शेतात असतो, नेमका ॲनाफिलीसच्या वेळेला. भिंतीवरच्या औषधाचा त्याला काय उपयोग? त्याला औषधी मच्छरदाणी, बाजेच्या चार खुंटांना बांधता येईल अशी, आणि अंगभर कपडे. औषधी मच्छरदाणी साधारण तीन वर्षं चालते, पण सोड्याच्या पाण्यात उकळून धुतली आणि कडक उन्हात वाळवली तर आधीच गेली. वांग्याच्या वाफ्यावर आणि मासे धरायला वापरलेली तर मी स्वतः पाहिली आहे, दोन्ही ठिकाणी छान काम करत होती.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट लिहितो. तुमच्या गावात तापाचे आणखी रुग्ण असतील आणि त्यांची मलेरियाची तपासणी निगेटिव्ह येत असेल, तर वरचं निम्मं उत्तर लागू नाही. तीन-चार दिवसांआड नळ येतो म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या भरून ठेवलेल्या असतात, त्यांत दिवसा चावणारा एडीस होतो, तो डेंग्यूचा. तिथे पाझर बुजवून काही होणार नाही, भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी लागतात, कारण एडीसची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने जगतात.

तर तुमच्या पैशांचा क्रम मी असा लावेन. पहिल्यांदा यादी आणि मगाची मोजणी, त्याला जवळपास काही लागत नाही. मग बंधाऱ्याखालच्या पाझराचा चर आणि गुरांची हाळ. मग ज्या वस्तीत रुग्ण आहेत तिथे आणि शेतात रात्री राहणाऱ्यांना मच्छरदाण्या, सरकारी वाटपातून कमी पडल्या तर पंचायतीकडून. आणि एक काम लगेच हाती घ्या. महिनाभरात कापूस वेचणी सुरू होईल, सेंधव्याकडून, खरगोनकडून मजूर येतील, शेतातल्या झोपड्यांत राहतील. त्यांच्यात कुणाला ताप असेल तर त्याच दिवशी आशाताईंनी बोटातून रक्त घ्यावं, शेतमालकाने निरोप द्यावा. हे ग्रामसभेत मालकांसमोर ठरवून घ्या, नाही तर "मजूर आमचे नाहीत" म्हणून कुणीच निरोप देत नाही.

मोजणी झाली की काय दिसलं ते कळवा. मगाचा फोटो वरून काढू नका, पाण्याच्या रेषेला मोबाइल धरून बाजूने काढा. अळी आडवी आहे की लटकलेली ते मला तिथूनच कळेल.